मॅडन, कॉलेज फुटबॉल की रेट्रो बोल: घरी खेळायला कोणता घ्यावा?

घरच्या टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल खेळायचा म्हटलं तर दुकानात फार पर्याय सापडत नाहीत. मोठे गेम दोन, ‘मॅडन एनएफएल’ (एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा) आणि ‘कॉलेज फुटबॉल’ (तिथल्या विद्यापीठांच्या संघांचा), आणि दोन्ही ईए स्पोर्ट्स या कंपनीचेच. तिसरा ‘रेट्रो बोल’, फोनवर चालणारा, जुन्या पिक्सेल चित्रांचा. ही टंचाई आपोआप आलेली नाही. २००४ मध्ये ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ हा प्रतिस्पर्धी गेम १९.९९ डॉलरला बाजारात उतरला, मॅडनलाही भाव पाडावा लागला, आणि त्याच डिसेंबरात ईएने एनएफएल आणि खेळाडूंची संघटना या दोघांशी एकाधिकाराचा करार करून टाकला. ग्राहकाच्या दृष्टीने ती वाईटच गोष्ट झाली. आज दोन्ही गेमची नवी आवृत्ती ६९.९९ डॉलरला मिळते, त्यामुळे भावावरून निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही.

आधी घरात कोणतं यंत्र आहे ते पाहा, कारण निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. पीसीवर खेळायचं असेल तर मॅडनच; कॉलेज फुटबॉल २६ तिथे आलंच नाही. ते फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीजवर आहे. मॅडन २६ हे या दोन्हींवर, पीसीवर आणि स्विच २ वर चालतं. प्लेस्टेशन ४ असेल तर मॅडन २५ पर्यंतच मजल जाते.

दोन्हींना दार उघडं असेल तर खरी तुलना सुरू होते. चित्रं पाहून काही ठरवू नका. बटणं जवळजवळ सारखी, धावणं-पकडणं एकाच घराण्यातलं. फरक आहे तो मूळ खेळातच, आणि तो पटकन डोळ्यात भरत नाही. मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने जाणाऱ्या छोट्या रेघांच्या दोन ओळी असतात, हॅश मार्क. प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक चाल, त्या ओळींवरून किंवा त्यांच्या मधून सुरू होतो. एनएफएलमध्ये या दोन ओळींत साडेअठरा फुटांचं अंतर आहे, कॉलेजमध्ये ४० फुटांचं. म्हणजे मॅडनमध्ये चेंडू नेहमी जवळपास मध्यावरच ठेवलेला असतो. कॉलेजमध्ये तो डाव्या हॅशवर असला की उजवीकडे मैदानाचा मोठा तुकडा मोकळा पडलेला दिसतो, आणि बचाव करणाऱ्याला तो झाकता झाकता नाकी नऊ येतात. बाहेरच्या बाजूने पळण्याचे प्ले कॉलेज फुटबॉलमध्ये इतके रंगतात त्यामागे या ४० फुटांचा मोठा हात आहे.

दुसरं कारण म्हणजे ऑप्शन, चेंडू कुणी न्यायचा ते ऐन खेळात ठरवण्याचे प्ले. रीड ऑप्शनचा एक प्ले सावकाश पाहू. स्नॅप होतो, म्हणजे चेंडू मागे दिला जातो. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) तो रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या) पोटाशी धरतो. तुम्ही चेंडूकडे पाहायचंच नाही. नजर समोरच्या टोकाच्या बचावपटूवर, डिफेन्सिव्ह एंडवर हवी, ज्याला मुद्दाम कुणी अडवलेलं नसतं. तो जागेवर थांबला तर बटण दाबून धरायचं, चेंडू रनिंग बॅककडे जातो. तो आत घुसला तर बटणाला हात लावायचा नाही. क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि एंडने नुकत्याच सोडलेल्या जागेतून पळतो. ट्रिपल ऑप्शनमध्ये यापुढे आणखी एक पायरी: पळता पळता दुसरा बचावपटू अंगावर आला की शेवटच्या क्षणी चेंडू बाजूच्या साथीदाराकडे पिच करायचा, म्हणजे फेकायचा. सगळा मामला दोन-तीन सेकंदांचा. हे जमलं की मिळणारा आनंद मॅडनमधल्या लांब पासलाही येत नाही, असं माझं मत. रीड ऑप्शन मॅडनमध्येही आहे, पण तिथले लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीमागचे बचावपटू, इतके चपळ की ही युक्ती चवीपुरतीच वापरता येते.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांची. कॉलेज फुटबॉलमध्ये परक्या मैदानावर तिसरा डाउन (दहा यार्ड काढायच्या चार संधींपैकी तिसरी) आला की गोंगाटाने स्क्रीन थरथरते आणि प्लेच्या रेषा वाकड्यातिकड्या होतात. रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्याने, नेमकं कुठे धावायचं आहे तेच कळेनासं होतं. २०२४ च्या आवृत्तीत सर्वांत कठीण मैदानांच्या यादीत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं काइल फील्ड पहिलं होतं. मॅडनच्या स्टेडियममध्ये असा धाक वाटत नाही.

मग मॅडन कुणी घ्यावं? ज्याला पासिंग आणि बचाव वाचण्यात रस आहे त्याने. बटण टिचकीसारखं दाबलं की उंच, तरंगता पास. दाबून धरलं की सरळ, जोरकस. एनएफएलचे कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारे बचावपटू) रिसीव्हरच्या पाठीला चिकटलेले असतात, मोकळीक क्षणभरच मिळते, आणि सीमारेषेजवळचा झेल दोन्ही पाय आत टेकले तरच धरला जातो. कॉलेजमध्ये एक पाय पुरतो. त्यामुळे मॅडनमध्ये चूक महागात पडते, आणि शिकायलाही जास्त मिळतं. दर रविवारी सामने पाहणाऱ्याला ओळखीचे खेळाडू हातात आल्याचं सुख आहे ते वेगळंच. काटेकोरपणा या गेमच्या जन्मापासूनचा. सुरुवातीला संगणकाला झेपावं म्हणून कमी खेळाडूंचा खेळ करू, असं सुचवण्यात आलं होतं. ज्यांचं नाव गेमला द्यायचं होतं ते माजी प्रशिक्षक जॉन मॅडन अडून बसले: प्रत्येक बाजूला ११ खेळाडू नसतील तर माझं नाव नको. अखेर १९८८ मध्ये गेम आला तो ११ विरुद्ध ११ असाच.

एकट्याने महिनोन् महिने खेळणाऱ्यासाठी मात्र माझा कौल कॉलेज फुटबॉलच्या डायनेस्टीला, म्हणजे एकच संघ वर्षानुवर्षं चालवण्याच्या प्रकाराला. एखादा दुबळा संघ उचला, हायस्कूलमधल्या पोरांना संघात घेण्यासाठी त्यांच्या मागे लागा, दर आठवड्याचे मोजके तास कुणावर खर्च करायचे ते ठरवा, आणि घडवलेला क्वार्टरबॅक ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलण्याच्या सोयीतून) दुसरीकडे निघून गेला की डोक्याला हात लावा. असे ३० हंगाम खेळता येतात. मॅडनच्या फ्रँचायझी या तशाच प्रकारात पगाराची मर्यादा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड), अदलाबदली हे सगळं आहे, पण संघ अवघे ३२ आणि ताकदीत उन्नीस-बीस. कॉलेजमध्ये १३० च्या वर संघ आहेत, आणि तळातून वर चढण्याची मजा तिथेच येते.

हीच विषमता दोघांनी शेजारी बसून खेळताना आड येते. एकाने जॉर्जियासारखं बलाढ्य विद्यापीठ घेतलं आणि दुसऱ्याने हौसेखातर एखादं छोटं विद्यापीठ, तर दुसऱ्या क्वार्टरपर्यंत (चारपैकी दुसऱ्या भागापर्यंत) सामना आटोपलेला असतो. घरी पाहुण्यांबरोबर, भावंडांबरोबर खेळायचं असेल तर मॅडन सरस. क्वार्टर पाच-सहा मिनिटांचे ठेवले की तासाभरात निकाल लागतो.

अल्टिमेट टीमबद्दल थोडक्यात. दोन्ही गेममध्ये आहे, खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं विकत घेण्याचा हा प्रकार. जमवलेला संघ पुढच्या वर्षीच्या गेममध्ये नेता येत नाही. घरात मुलं असतील तर कन्सोलवर खरेदीचा पासवर्ड आधी लावा.

आता ज्याला डाउन म्हणजे काय इथपासूनच सुरुवात करायची आहे, त्याने ७० डॉलर लगेच मोजू नयेत. त्याच्यासाठी रेट्रो बोल. २०२० मध्ये फोनवर आला. मूळ गेम फुकट, पूर्ण आवृत्तीही अगदी स्वस्त. बोट मागे ओढून नेम धरायचा, सोडलं की पास. तुम्ही खेळता फक्त आक्रमण. बचावाचा हिशेब गेम स्वतःच करतो आणि काय झालं ते चार ओळींत सांगतो. चार डाउनमध्ये दहा यार्ड काढणं, तिसऱ्या डाउनला आठ यार्ड उरणं आणि दोन उरणं यातला फरक, घड्याळ संपवण्यासाठी मुद्दाम पळवलेला चेंडू, हे सगळं दोन-चार संध्याकाळींत अंगवळणी पडतं. बचाव मात्र तिथे शिकता येत नाही, आणि खरी नावं हवी असतील तर ॲपल आर्केडवरची एनएफएलची वेगळी आवृत्ती घ्यावी लागते.

मोठ्या गेममध्ये पहिल्यांदा उतरताना बचावात पुढच्या फळीतला एखादा खेळाडू हाती घ्या आणि मागची सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, संगणकावर सोपवा. नवखा माणूस सेफ्टी घेऊन चेंडूमागे धावत सुटतो आणि मागे मैदान मोकळं सोडतो. समोरच्याला तेवढंच हवं असतं.

तरीही मन ठरत नसेल तर ईए प्लेची एका महिन्याची वर्गणी भरा. नवे गेम त्यात दहा तास चालवून पाहता येतात, आणि मॅडनची चालू आवृत्ती सुपर बोलच्या (एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या) सुमारास त्या वर्गणीत पूर्ण खेळायला मिळत आली आहे. ते दहा तास अल्टिमेट टीमवर घालवू नका. मॅडनमध्ये सरावाच्या मैदानावर एकच पासिंग प्ले वेगवेगळ्या बचावांविरुद्ध टाकून पाहा, कॉलेजमध्ये डायनेस्टीचे पहिले चार-पाच आठवडे खेळा. दहा तास संपल्यावर ज्यातला पुढचा सामना डोक्यात घोळत राहील, तो घ्या.