पिवळी वायर दाखवली, लाल लपवली

आमची गाडी तेरा वर्षांची आहे. बाबांचा गुडघा बदलल्यापासून मी त्यांना आठवड्यातून दोनदा मुलुंडहून दादरला फिजिओथेरपीला नेते. जाता-येता त्यांना विविध भारती लागते, १०२.८. मागच्या महिन्यात पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपरच्या पुढे गाणं मधेच तुटलं आणि गाडीतला रेडिओचा सेट बंद पडला. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावलेला माझा मोबाइल चार्जरही त्याच क्षणी विझला. दोन्ही एकदम बंद झाले ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली, पण तिचा अर्थ मला कळला नाही. पुढचे साडेअकरा हजार त्यामुळेच गेले.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी अ‍ॅक्सेसरीच्या एका दुकानात नेली. कारागिराने पाच मिनिटांत सेट बाहेर ओढला, मागच्या पिवळ्या वायरला टेस्टर लावला, दिवा पेटला. "बघा ताई, करंट बरोबर येतोय. सेटच जळालाय. पावसाचं पाणी गेलं असणार, आयसी उडाली." दिवा मी डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे शंका घ्यावी असं वाटलंच नाही.

फसवणूक तिथेच होती. बाहेरून बसवलेल्या सेटला साधारणपणे विजेच्या तीन मुख्य वायरी असतात. पिवळीत बॅटरीचा करंट कायम असतो, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहावीत म्हणून. लालमध्ये तो चावी फिरवल्यावरच येतो आणि सेट चालू होतो तो तिच्यामुळे. काळी अर्थिंगची. (कंपनीच्या मूळ वायरिंगचे रंग गाडीगणिक वेगळे असतात, तिथे रंगावर जाऊ नका.) पिवळीत करंट असून लाल मेलेली असेल, तर पूर्ण चांगला सेटही मुका राहतो. त्याने माझ्यासमोर लाल वायरीला टेस्टर लावलाच नाही. सेट जळालाय म्हणण्याआधी फ्यूज बॉक्सचं झाकणही उघडलं नाही.

नवा अँड्रॉइड स्क्रीन ९,५०० आणि 'वायरिंग किट' २,०००. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला. सॉकेट चालत नाही म्हटल्यावर "ते वेगळं काम, ८०० होतील" असं उत्तर आलं. जुना सेट तो ३०० रुपयांत ठेवून घेणार होता. बाबांनी मात्र "आपली वस्तू आहे, घरी न्यायची" म्हणून हट्ट धरला. तो हट्ट त्यांनी धरला नसता तर पुढचं काहीच सिद्ध झालं नसतं.

रविवारी सकाळी गाडी सुरूच होईना. आमच्या इमारतीतले एक काका बसच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते. ते मल्टिमीटर घेऊन खाली आले. चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आमची ११ च्याही खाली होती. चावी काढलेली असतानाही ०.९ अँपिअर करंट चालला होता. तो ०.०५ च्या आत असायला हवा. काकांनी स्क्रीन ओढून मागे पाहिलं तर नव्या सेटच्या लाल आणि पिवळ्या वायरी एकत्र पिळून पिवळ्या लाइनला जोडलेल्या, त्यामुळे चावी काढली तरी सेट करंट ओढतच राहायचा. म्हणजे लाल लाइन मेलेली आहे हे त्या माणसाला माहीत होतं, आणि तरीही त्याने मला सेट जळाल्याचं सांगितलं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग काकांनी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी असलेला फ्यूज बॉक्स उघडला. आमच्या गाडीत रेडिओची लाल लाइन आणि लायटर सॉकेट एकाच १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजवर आहेत. तो जळून आत काळा पडला होता. काकांनी टॉर्च मारला तर सॉकेटच्या तळाशी रुपयाचं नाणं आडवं पडलेलं. मुलुंडच्या टोलसाठी आम्ही तिथल्या खणात सुटे पैसे ठेवायचो. ऑक्टोबर २०२४ मध्ये लहान गाड्यांचा टोल बंद झाला, नाणी तिथेच राहिली. त्यातलंच एक सॉकेटमध्ये घसरून शॉर्ट झालं होतं. काकांनी आधी जळका फ्यूज उपसला, मग नाणं काढलं, मग नवा फ्यूज घातला. नाणं तसंच ठेवून घातला असता तर तोही लगेच उडाला असता. फ्यूज १० रुपयांचा. सॉकेट चालू झालं.

बाबांनी पिशवीतला जुना सेट आणला. काकांनी त्याच्या लाल-पिवळ्या वायरी बॅटरीच्या प्लसला आणि काळी मायनसला धरली. घड्याळ लुकलुकायला लागलं. बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते त्या आकड्यांकडे पाहत राहिले.

आणखी एक उद्योग सापडला. पिवळ्या लाइनच्या १५ च्या जागी ३० चा हिरवा फ्यूज कोंबला होता. ही गोष्ट पैशापेक्षा गंभीर आहे. ती वायर १५ च्या हिशेबाची. शॉर्ट झालाच तर ३० चा फ्यूज उडण्याआधी वायर तापते, वरचं प्लास्टिक वितळतं, आणि गाडीत माणसं बसलेली असतात.

तुमचा सेट बंद पडला तर आधी सॉकेट, आतला दिवा, घड्याळ यांतलं सोबत काय बंद पडलंय ते पाहा. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात. चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण रेडिओ चालतो त्या खुणेवर) ठेवून टेस्टर दोन्हींना लावायला सांगा. एकीकडेच पेटला तर फ्यूज गेलाय. त्याच अँपिअरचा नवा घालायचा, जळक्या फ्यूजवर वायर किंवा चंदेरी कागद गुंडाळू द्यायचा नाही. लाल आणि पिवळी दोन्ही तपासून दाखवल्याशिवाय नव्या सेटचं बोलणंच काढू देऊ नका, आणि जुना सेट घरी आणा.

जाब विचारला तर दुकानदार म्हणाला, "बिल कुठे आहे?" यूपीआयची नोंद, कार्डाची मागची बाजू आणि हिरव्या फ्यूजचा फोटो घेऊन मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. स्क्रीन काढून खोक्यात ठेवला आहे. जुन्या सेटचा कापलेला कनेक्टर काकांनी सोल्डर करून दिला, आणि गुरुवारी आम्ही दादरला गेलो तेव्हा विविध भारती लागली होती.