ऑरेंजेस अँड लेमन्सच्या वाटेवर: लंडनमधला एक वॉक

शनिवारी दुपारी एक वाजता मॉन्युमेंट स्टेशनच्या बाहेर जमायचं आणि तीनेक किलोमीटर पायी जात स्ट्रँड या रस्त्यावर संपवायचं, असा हा वॉक आहे. विषय एकच: ‘ऑरेंजेस अँड लेमन्स’ हे इंग्लंडमधल्या मुलांचं जुनं खेळगाणं आणि त्यात नावं आलेली लंडनची चर्च. तिकीट मोठ्यांना १८ पाउंड, बारा वर्षांखालच्या मुलांना ९. मी इथल्या एका प्राथमिक शाळेत संगीत शिकवते आणि हे गाणं मुलांकडून खेळासकट बसवून घेते, त्यामुळे जाहिरात दिसताच नाव नोंदवलं. बरोबर आठ वर्षांची पुतणी होती. माझे पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा का कापला ते सविस्तर लिहिते, कारण थोड्या बदलांनी हा वॉक फार सुंदर होईल.

गाण्यात लंडनच्या घंटा एकमेकींशी बोलतात. सेंट क्लेमेंट्सच्या घंटा म्हणतात, संत्री आणि लिंबं. सेंट मार्टिन्सच्या म्हणतात, माझे पाच फार्दिंग देणं लागतोस तू. ओल्ड बेलीच्या विचारतात, कधी फेडणार? शोरडिचच्या म्हणतात, श्रीमंत झालो की. स्टेपनीच्या विचारतात, म्हणजे कधी? आणि बोची (म्हणजे सेंट मेरी ले बो या चर्चची) थोरली घंटा सांगते, मला काही ठाऊक नाही. म्हणजे फळांच्या नावांनी सुरुवात होते न होते, तोच उधारीचा तगादा लागतो, आणि तो लंडनभर घुमत जातो. शेवटी दोन निराळ्या ओळी येतात: झोपायच्या खोलीपर्यंत उजेड दाखवायला मेणबत्ती येते आहे, आणि डोकं उडवायला सुरा येतो आहे. या दोन ओळींबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण ते ओघात येईल.

पहिला थांबा क्लेमेंट्स लेनमधलं सेंट क्लेमेंट ईस्टचीप. ऑफिसांच्या इमारतींनी चहूबाजूंनी दाबून धरलेलं हे लहानसं चर्च सहज चुकण्यासारखं आहे. १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीत मूळ चर्च जळालं (आग लागली ती पुडिंग लेन इथून अगदी जवळ) आणि क्रिस्टोफर रेन यांनी ते १६८० च्या दशकात पुन्हा बांधलं. गाण्यातलं सेंट क्लेमेंट्स आपलंच, असा या चर्चचा दावा आहे, कारण भूमध्य समुद्राकडून आलेली फळं इथल्या थेम्सच्या धक्क्यांवर उतरत. स्ट्रँडवरचं सेंट क्लेमेंट डेन्सही तोच मान सांगतं. मार्गदर्शकाने दोन्ही बाजू नीट मांडल्या आणि निकाल देण्याचा मोह टाळला, हे मला आवडलं. तरी माझं मत ईस्टचीपच्या बाजूने झुकतं. पुढचं मार्टिन्स इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि गाण्यातल्या पहिल्या दोन घंटा शेजारणींसारख्या बोलतात.

ते मार्टिन्स, म्हणजे मार्टिन लेनमधलं सेंट मार्टिन ऑर्गर, हा सगळ्या वॉकमधला सर्वांत चांगला थांबा. मूळ चर्चही त्याच आगीत गेलं. आज तिथे उभा आहे तो १८५० च्या दशकात बांधलेला मनोरा, गल्लीवर पुढे आलेलं घड्याळ घेऊन. या भागात सावकार राहत, म्हणून इथल्या घंटेच्या तोंडी पैशांची मागणी आली, असं परंपरेने सांगतात. स्ट्रँडपलीकडच्या सेंट मार्टिन इन द फील्ड्सचं नावही काहीजण घेतात. इथे मार्गदर्शकाने खिशातून एक खरा फार्दिंग काढला आणि सगळ्यांच्या हातांतून फिरवला. इवलंसं तांब्याच्या रंगाचं नाणं, त्यावर शेपटी वर केलेला रेन पक्षी. पाव पेनी म्हणजे एक फार्दिंग, एका पाउंडात असे ९६०. १९६० साल संपताना ते चलनातून गेलं. पुतणीने ते तळहातावर धरून बराच वेळ पाहिलं. पाच फार्दिंग म्हणजे सव्वा पेनी. एवढ्याशा कर्जासाठी सहा चर्चच्या घंटा कामाला लागतात, ही गाण्यातली सगळ्यात लोभस गोष्ट तिला त्या नाण्यामुळे कळली. वर्गात मी हे शब्दांनी समजावते आणि मुलं नुसती मान डोलावतात. मार्गदर्शकाचे याबद्दल मनापासून आभार.

तिथून चेपसाइडवर सेंट मेरी ले बो. ज्याच्या जन्माच्या वेळी या घंटा कानावर पडतील तो खरा कॉकनी, म्हणजे अस्सल लंडनकर, हे लंडनमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मला हलवून गेली ती तारीख. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात हे चर्च जळालं आणि घंटा कोसळल्या. त्याच रात्री स्ट्रँडवरचं सेंट क्लेमेंट डेन्सही आगीत गेलं. डेन्सचा दावा मानला, तर गाण्याची पहिली घंटा आणि शेवटची घंटा एकाच रात्री गेल्या! आता आहे ती बोची थोरली घंटा १९५६ मध्ये व्हाइटचॅपलच्या ओतशाळेत ओतली गेली, वजन दोन टनांहून जास्त, आणि १९६१ मध्ये इथल्या घंटा पुन्हा वाजल्या. शेकडो वर्षं घंटा घडवणारी ती ओतशाळा २०१७ मध्ये बंद झाली. मार्गदर्शकाने हे सगळं सांगितलं, पण तीन वेगवेगळ्या थांब्यांवर तुकड्यातुकड्यांनी. एकत्र सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यांच्या मनात घर करून राहिलं असतं.

इथेच पुतणीने माझी बाही ओढून विचारलं, “काकू, हा घंटांचा वॉक आहे ना? मग एकही घंटा का वाजली नाही?”

तिचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि माझी मुख्य तक्रारही तीच आहे. गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत घंटाच बोलतात, आणि आम्ही सव्वादोन तासांत एकही ऐकली नाही. शनिवारी सिटीमध्ये, म्हणजे लंडनच्या जुन्या, ऑफिसांच्या भागात, शुकशुकाट असतो. आम्ही गेलो तेव्हा तिन्ही ठिकाणी दारंही बंद होती. निदान फोनवर ध्वनिमुद्रण ऐकवता आलं असतं. या ओळी जुळल्या आहेत त्या जागांच्या नावांवरून: लेमन्सला क्लेमेंट्स, रिचला शोरडिच. पण त्यांची लय घंटांची आहे. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये घंटा दोराने पूर्ण वर्तुळात फिरवतात, आणि सर्वांत बारीक आवाजाच्या घंटेपासून सर्वांत खर्जातल्या घंटेपर्यंत एकामागून एक सूर उतरत जातो. सतराव्या शतकापासून ही एक अवघड, हिशेबी कला आहे. ती उतरती ओळ एकदा कानात बसली की गाण्याच्या ओळी तशाच का पडतात ते आपोआप समजतं. संगीत शिकवणारी म्हणून मला हे न ऐकवता पुढे जाणं फार मोठी उणीव वाटते.

चौथा थांबा सेंट सेपल्कर, ओल्ड बेलीच्या न्यायालयासमोर. गाण्यातली ‘ओल्ड बेलीची घंटा’ ती इथली. शेजारी न्यूगेटचा तुरुंग होता, आणि कर्ज न फेडलेले लोकही तिथे डांबले जात, त्यामुळे ‘कधी फेडणार’ हा प्रश्न याच घंटेने विचारावा हे चपखल आहे. १६०५ मध्ये रॉबर्ट डाऊ नावाच्या व्यापाऱ्याने ५० पाउंड देऊन अशी सोय केली, की फाशीच्या आदल्या मध्यरात्री कैद्याच्या कोठडीबाहेर हातातली घंटा वाजवून त्याला पश्चात्तापाची आठवण द्यावी. ती घंटा आजही चर्चमध्ये काचेच्या पेटीत आहे. दार बंद असल्याने त्या दिवशी बघायला मिळाली नाही. आम्ही नंतर शाळेच्या सुट्टीत कामाच्या दिवशी जाऊन पाहिली.

या थांब्यावर मार्गदर्शकाचा आवाज खाली गेला आणि त्याने अख्खं गाणं फाशीचं करून टाकलं. मेणबत्ती घेऊन येणारा पहारेकरी, सुरा म्हणजे जल्लादाची कुऱ्हाड, वर आठव्या हेन्री राजाच्या शिरच्छेद झालेल्या राण्या. घोळक्यातल्या लोकांना ते भारी आवडलं. मला मात्र हे पटत नाही, आणि त्याला ठोस कारण आहे. गाण्याचे छापील शब्द पहिल्यांदा सापडतात ते १७४४ च्या सुमारास मेरी कूपर यांनी प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या एका चिमुकल्या पुस्तकात. त्याची प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात व्हाइटचॅपल आहे, ऑल्डगेट आहे, सेंट कॅथरीन्स आहे, शोरडिचच्या जागी फ्लीट डिच आहे, शेवटी सेंट पॉल्स आहे. मेणबत्ती नाही, सुराही नाही. त्याच्याही आधी, १६६५ मध्ये, या नावाचा एक नाच जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाच्या नृत्यसंग्रहात छापलेला आहे. म्हणजे हे नाव नाचाला मिळालं ते आगीच्याही आधी, आणि डोकं उडवणं मागाहून येऊन चिकटलं.

ते कशासाठी आलं, हे खेळात दिसतं. दोन मुलं समोरासमोर उभी राहून हातांची कमान करतात. एक गुपचूप संत्रं होतं, एक लिंबू. बाकीची रांग कमानीखालून फिरत राहते आणि गाणं चालू असतं. शेवटच्या ओळीला ‘चॉप, चॉप’ म्हणत कमान खाली येते, जो सापडेल त्याला कानात विचारायचं, संत्रं की लिंबू, आणि तो त्या बाजूला मागे उभा राहतो. सगळे पकडले गेले की दोन्ही बाजूंची रस्सीखेच. ॲलिस गॉम यांनी १८९० च्या दशकात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या खेळांचा मोठा संग्रह केला, त्यातही हा खेळ आहे. कमान कधी पडणार हे कळायला गाण्याला एक झटका लागतो, आणि सुरा तो झटका देतो. माझ्या वर्गात ती ओळ आली की मुलं आनंदाने किंचाळतात, मान खाली घालून पळतात, मुद्दाम सापडतात. त्या किंचाळण्यात राण्यांचा इतिहास शोधण्यापेक्षा मुलांनी स्वतःच्या खेळासाठी गाण्याला जोडलेली ही कळ मला कितीतरी मोलाची वाटते. या वॉकमध्ये खेळाचा उल्लेख एका वाक्यात उरकला. मुलांच्या गाण्याच्या वॉकमध्ये!

स्ट्रँडवरचं सेंट क्लेमेंट डेन्स हा शेवटचा थांबा. मूळ काम रेन यांचं, वरचं शिखर जेम्स गिब्ज यांचं. १९४१ नंतर ते बरीच वर्षं भिंतींपुरतं उरलं होतं. १९५८ मध्ये रॉयल एअर फोर्सचं मुख्य चर्च म्हणून ते पुन्हा उघडलं. आतल्या फरशीत वेल्सच्या पाटीच्या दगडात कोरलेली हवाई तुकड्यांची चिन्हं बसवली आहेत, त्यांवरून चालताना पाय आपोआप हळू पडतो. पहिल्या महायुद्धानंतर इथल्या धर्मगुरूंनी एक प्रथा सुरू केली: मुलांसाठी खास प्रार्थना आणि प्रत्येकाला एक संत्रं, एक लिंबू. शिवाय दिवसातल्या ठरावीक वेळी मनोऱ्यातून याच गाण्याची धून वाजते. आम्ही पोहोचलो तेव्हा ती वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळापत्रक थोडं मागेपुढे केलं तर हे सहज टळेल, आणि वॉकचा शेवट खऱ्या घंटांवर होईल.

शोरडिच आणि स्टेपनी तर वाटेतच नव्हती. अंतर जास्त आहे हे मान्य. पण ‘श्रीमंत झालो की फेडेन’ हे उत्तर सिटीच्या जुन्या तटाबाहेरच्या, गरीब वस्तीतल्या घंटेच्या तोंडी आहे. ते गाळलं की तगादा उरतो आणि कर्जदार गायब होतो. आम्ही दोघी मग आपापल्या गेलो. शोरडिचचं सेंट लेनर्ड १७४० मध्ये पूर्ण झालेलं, थोरल्या जॉर्ज डान्स यांचं काम, जुन्या नाटकवाल्यांचं चर्च. शेक्सपिअरच्या नाटकांतला नट रिचर्ड बर्बेज इथेच पुरलेला. स्टेपनीचं सेंट डन्स्टन त्याहून कितीतरी जुनं, अंगणात मोठी झाडं. तिथे दहा घंटा आहेत आणि आमच्या नशिबाने संध्याकाळी सराव चालू होता. उतरती ओळ सुरू झाल्यावर पुतणी कुंपणापाशी उभी राहून प्रत्येक फेरीला ‘व्हेन विल दॅट बी’ (म्हणजे कधी?) ही स्टेपनीची ओळ बसवून बघत होती, आणि ते बसत होतं.

मार्गदर्शकाला मी तीन सूचना लिहून पाठवल्या आहेत: कामाच्या दिवशी एक फेरी ठेवा, स्ट्रँडला धून वाजायच्या आधी पोहोचा, आणि शेवटी मुलांना खेळ खेळू द्या. तिथल्याच सेंट मेरी ले स्ट्रँड या चर्चच्या भोवतीचा रस्ता २०२२ पासून गाड्यांना बंद आहे, वीस मुलांची रांग तिथे सहज मावेल. तोवर जाणार असाल तर मुलं आठच्या पुढची असावीत, सेंट सेपल्करची घंटा पाहण्यासाठी आधी चर्चच्या वेळा बघून वेगळं जावं, आणि स्टेपनीसाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. स्टेपनी ग्रीन स्टेशनवरून चालत जाता येतं.