भरलेली काडतुसं साफ करायची: टंबलर, पॉलिश की नुसतं फडकं?

पावसाळा संपला की परवानाधारक मंडळींचा हा प्रश्न ठरलेला, मग ते निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार असोत नाहीतर नाशकात रेंजवर जाणारे नेमबाज. कपाटातनं काडतुसं काढली तर पितळ काळपट पडलेलं, कुठे हिरवा थर, आणि मग कुणीतरी व्हिडिओ बघून म्हणतो की टंबलर घेऊन टाकू, सगळी एकदम चकाचक. घ्यायच्या आधी हे वाचा.

टंबलर म्हणजे थरथरणारं किंवा गोल फिरणारं भांडं, त्यात मक्याच्या कणसाचा भुगा नाहीतर अक्रोडाच्या टरफलाचा चुरा असतो. हे मशीन मुळात रिकाम्या केसेससाठी (केस म्हणजे काडतुसाचं पितळी कवच), बाहेर जे लोक काडतुसं पुन्हा भरतात त्यांच्या कामाचं. आपल्याकडे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो आणि बहुतेक जण डीलरकडून फॅक्टरीचाच माल घेतात, म्हणजे रिकामी केस घासायची गरजच पडत नाही.

आता भरलेला राउंड, म्हणजे अख्खं काडतूस, त्यात टाकला तर फुटतो का? खरं सांगायचं तर असं होणं फार अवघड आहे, कारण प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी, पेटायला बंदुकीच्या पिनचा ठोका एका बारीक जागी जोरात बसावा लागतो आणि भुशात लोळणाऱ्या राउंडकडे तेवढा जोर नसतो. काही कारखाने भरलेला माल शेवटी असाच पॉलिश करतात, आणि घरी भरणाऱ्यांनी तासन्तास फिरवून गोळीचा वेग मोजला तर त्यांना फरक दिसला नाही असंही ते सांगतात. तरी काडतुसं भरण्याच्या माहितीपुस्तकांत भरलेला राउंड टंबलरमध्ये टाकू नका असंच बजावलेलं असतं आणि त्याला कारण आहे. काडतुसातल्या बंदुकीच्या दारूच्या कणांवर जळणं हळू ठेवणारा लेप असतो, कण एकमेकांवर घासून तो झिजला किंवा कण मोडले तर दारू वेगाने जळेल आणि प्रेशर वाढेल ही भीती. रिव्हॉल्व्हरच्या राउंडात बऱ्याचदा दारू थोडी आणि मोकळी जागा जास्त, म्हणजे कण हलायला वाव जास्त. कारखान्याला आपली दारू कुठली, मशीन किती वेळ चालवायचं हे माहीत असतं आणि ते माल तपासतात, आपल्याकडे यातलं काहीच नाही. शिवाय चेंबरबाहेर, म्हणजे बंदुकीत भरलेला नसताना, राउंड उडालाच तर गोळीपेक्षा केसचे तुकडे जास्त लागतात, आणि ते घरात.

पॉईंट २२ चं छोटं काडतूस तर टंबलरमध्ये अजिबात नको. त्याचा प्रायमरचा मसाला कडेच्या रिममध्येच असतो आणि शिशाच्या गोळीवरचा मेणासारखा लेप निघून जातो, मग अचूकता गेली. बारा बोरची (शॉटगनची) प्लास्टिकची काडतुसं टाकायचा प्रश्नच नाही. अल्ट्रासोनिक किंवा पाण्यातलं टंबलिंगही नको, पाणी आत शिरलं की प्रायमर आणि दारू दोन्हीचा भरवसा संपला.

पण मला जास्त काळजी टंबलरची नाही, बाटलीतल्या पॉलिशची आणि स्वयंपाकघरातल्या चिंच-लिंबाची वाटते. तांबट आळीच्या या गावात पितळ घासणं कुणाला शिकवावं लागत नाही, म्हणूनच हात पटकन तिकडे जातो. काडतुसाचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं, आंबटात ठेवलं की जस्त निघून जातं आणि केस गुलाबीसर दिसायला लागते, म्हणजे धातू कमजोर झाला. आणि अमोनिया असलेलं पॉलिश त्याहून वाईट. ब्रिटिशांच्या काळी हिंदुस्तानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जायचे, गोळी जिथे घट्ट बसवलेली असते तिथे पितळावर आधीच ताण असतो आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया तिथेच घुसायचा. त्याचं कारण १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नीट समोर आलं. आपल्याकडे किती जणांचं बंदुकीचं कपाट गोठ्याला किंवा पोल्ट्रीला लागून असलेल्या खोलीत असतं बघा, त्यांनी पॉलिशचं नंतर बघावं, आधी कपाट हलवावं.

मग करायचं काय? एकेक राउंड कोरड्या सुती फडक्याने पुसायचा, बस. प्रायमरवर तेल किंवा स्प्रे मारायचा नाही, पातळ तेल कडेने आत झिरपून प्रायमर मारून टाकू शकतं. चामड्याच्या पट्ट्यात वर्षभर काडतुसं खोचून ठेवू नका, हिरवा थर बहुतेक वेळा तिथूनच येतो, कमावलेल्या चामड्यातली रसायनं पितळाला लागतात. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि कुलूप.

नुसतं काळपट पडलेलं पितळ चालतं, त्याने काही बिघडत नाही, त्यासाठी मशीनवर पैसे घालू नका. हिरवा थर पुसल्यावर मात्र नख फिरवून बघा, खड्डा लागला, केसच्या मानेपाशी, गोळी बसते तिथे, बारीक चीर दिसली किंवा गोळी हलली तर तो राउंड वापरायचा नाही आणि कचऱ्यातही टाकायचा नाही, बाजूला काढून डीलरला नाहीतर पोलीस ठाण्यात विचारून जमा करायचा, आणि जमा केल्याची नोंद लेखी घ्यायची कारण परवान्यावर राउंडचा हिशोब तुम्हालाच द्यावा लागतो.