आधी लाटणे की आधी वाडगा?

उन्हाळी सुट्टीत चार-पाच दिवसांच्या कातकाम (लेथ या यंत्रावर लाकूड फिरवत ते पटाशीने घडवणे) कार्यशाळेला जाणाऱ्या नवशिक्यापुढे बहुधा दोन पर्याय असतात: लाटण्यासारखी लांब वस्तू कातणे किंवा थेट वाडग्याला हात घालणे.

लाटण्यात लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात, त्यामुळे गोल पटाशी जाड भागाकडून बारीक भागाकडे उतरत नेली की काप गुळगुळीत येतो. पटाशीची पाठ आधी फिरत्या लाकडावर टेकवावी आणि मग दांडा हळूहळू उचलावा. धार लागताच रिबिनीसारखी सलग साल निघू लागते. ही खूण हाताला कळली, की निम्मे शिक्षण झाले असे मी मानतो, आणि चूक झालीच तर सागाचा एक तुकडा वाया जातो, इतकेच.

वाडग्यात तंतू सहसा अक्षाला काटकोनात असल्याने प्रत्येक फेऱ्यात धारेला तंतूंची उघडी टोके दोनदा भेटतात आणि हत्यार हिसकले जाण्याची भीती वाढते. मिनिटाला ५०० फेरे घेणाऱ्या २५ सेंटिमीटरच्या वाडग्याची कड, १५०० फेरे घेणाऱ्या ४ सेंटिमीटरच्या लाटण्याच्या दुपटीहून अधिक वेगाने धावते. शिवाय वाडगा ओल्या लाकडाचा असेल, तर तो मे महिन्याच्या उन्हात झपाट्याने सुकून तडकतो.

वाडग्याचे आकर्षण मोठे आहे हे मान्य, तरी पहिले दोन दिवस लाटण्यालाच द्यावेत. मात्र लाटण्याची ओबडधोबड छिलाई करणारी रुंद पटाशी वाडग्यावर कधीही लावू नये, कारण दांड्यात शिरणारे तिचे अरुंद टोक मोडू शकते.