हार्ड डिस्क दिसत नाही: यूएसबी अडॅप्टर लावावा की थेट साटा पोर्ट?

ठाणे असो की वाशी, घरात बहुधा लॅपटॉपच असतो, त्यामुळे आधी हाताशी येतो तो डिस्क लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारा यूएसबी अडॅप्टर. अडीच इंची डिस्कला तो पुरतो, कारण तिला ५ व्होल्टच लागतात. साडेतीन इंचीला १२ व्होल्टही हवेत. वेगळा पॉवर अडॅप्टर नसेल तर ती फिरणारच नाही आणि धडधाकट डिस्क उगाच बाद ठरेल. शिवाय स्वस्तातले काही अडॅप्टर स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दाखवत नाहीत.

डेस्कटॉप मिळत असेल तर सरळ साटा, म्हणजे मदरबोर्डवरचं डिस्क जोडायचं पोर्ट. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये) नाव दिसतं पण विंडोजमध्ये नाही, तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. कदाचित फक्त ड्राइव्ह लेटर (D:, E: सारखं अक्षर) गेलेलं असेल. डिस्क नव्याने तयार करू का असं विचारणारी ‘इनिशियलाइज’ची खिडकी आली आणि डेटा हवा असेल, तर कॅन्सल करा. बायोसमध्येही नाही? आधी डेटा केबल, मग पोर्ट, मग पॉवरची तार बदला. खाडीकाठच्या दमट हवेत पिना काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

साटाची एक गोम आहे. एक्सटर्नल डब्यातून काढलेल्या काही डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर मुळीच फिरत नाहीत: तिसऱ्या पिनेवर आलेले ३.३ व्होल्ट त्यांना बंदच ठेवतात. पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनांच्या (मोलेक्स) तारेला लावायच्या मोलेक्स-साटा कन्व्हर्टरमध्ये ते व्होल्टेज नसतं, त्यामुळे काम होतं.

काही पोर्टेबल डिस्कच्या बोर्डवर यूएसबी सॉकेटच असतं, साटा नाहीच. तिथे केबल बदलून पाहा. आणि टक्-टक् आवाज येत असेल तर अडॅप्टर आणि साटा दोन्ही राहू द्या, वीज काढा.