दोनदा की सहादा? शेवेच्या गावात वजन उतरवायचं तर

इंदुरातल्या आमच्या घरात सध्या खाण्याचे दोन पंथ आहेत. धाकटी जाऊ डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पंथाची: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपायचं, रोज 45 मिनिटं चालायचं. वन्सं समोरच राहतात, पण दिवस आमच्याकडे जातो. त्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या पंथाच्या, दर दोन तासांनी थोडं थोडं. मला 8 किलो उतरवायचेत, म्हणून दोघी मला ओढताहेत.

आधी चयापचय, कारण वन्संचा सगळा भर त्यावर. सारखं खाल्लं की भट्टी पेटती राहते म्हणे. अन्न पचवायला शरीर खाल्लेल्याच्या साधारण 10 टक्के कॅलरी खर्च करतं. 900 च्या दोन जेवणांत 180 जातील, 300 च्या सहा खाण्यांतही 180 च. भट्टी तेवढीच. फरक पडतो तो ताटात काय आहे त्याने: प्रथिनं पचवताना 20 ते 30 टक्के खर्ची पडतात, तुपाचे जेमतेम 3. आणि एखादं जेवण चुकलं म्हणून चयापचय झोपत नाही. आठवडेच्या आठवडे कमी खाऊन वजन उतरायला लागलं की ते मंदावतं, मग पंथ कुठलाही असो.

भुकेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. 2013 च्या एका छोट्या प्रयोगात तेवढंच अन्न तीनदा आणि सहादा विभागून दिलं. चरबी सारखीच जळली, पण सहा वेळा खाणाऱ्यांना भूक आणि खायची इच्छा जास्त जाणवली. हे वन्संना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘मला कुठे भूक लागते?’’ खरंच आहे, लागायला वेळच मिळत नाही. उलट जावेला पहिला आठवडाभर चार वाजले की डोकं धरायचं. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सवयीच्या वेळेला वर येतं. सवय मोडली की हळूहळू गप्प बसतं. तिचं बसलं. मात्र 55 मिनिटांत काय काय बसतं तेही मी पाहिलंय: चार पोळ्या, श्रीखंड, वर दोन जिलब्या, कारण ‘‘नंतर खायचं नाहीये ना!’’

वजनाचं म्हणाल तर जावेच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. 2014 साली प्रागमध्ये टाइप 2 मधुमेहाच्या 54 रुग्णांवर अभ्यास झाला. कॅलरी तेवढ्याच, दोन्ही पद्धती 12-12 आठवडे. दोन जेवणांनी 3.7 किलो उतरले, सहांनी 2.3. पण ती दोन जेवणं सकाळची आणि दुपारची होती, रात्रीचं नव्हतंच. आमच्याकडे दुसरं जेवण रात्री साडेआठला, आणि पाहुणे आले की त्यानंतर सराफा बाजार. सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे भुट्ट्याचा कीस सुरू होतो, आणि थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद.

वन्संच्या पद्धतीची खरी अडचण ‘थोडं’ या शब्दात आहे. कागदावर ते मूठभर दाणे किंवा एक फळ असतं. इंदुरात ती शेव असते. त्यांची चहाबरोबरची वाटी मी काट्यावर ठेवली: 30 ग्रॅम, म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. त्या दिवशी ती तीनदा भरली. सकाळच्या पोह्यांवर जीरावन मसाल्यासोबत पडलेली शेव वेगळीच.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण गाळू नका, साखर एकदम खाली येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी दोन जेवणांच्या वाटेला जाऊच नये.

मी तीनवर आले. पोहे हेच एक जेवण धरायचं, न्याहारी नाही, संध्याकाळचं साडेसातला, मध्ये बिनसाखरेचा काळा चहा. चार वाजता हात अजून शेवेच्या डब्याकडे जातो, म्हणून जावेने डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय. माझा हात पुरत नाही. वन्सं उंच आहेत.