जुनी ट्रॅव्हलर, ईको की विंगर? कोल्हापुरात कॅम्पर घेणाऱ्यांसाठी

जुनी कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी, घ्यायचं मनात असलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न इंजिनाचाच करतो. किती पळाली आहे, धूर मारते का, ॲव्हरेज काय. मी त्याला सांगतो, कोल्हापुरात राहून इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करायची. उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंग होतं, लाइनर बसवून मिळतात, बाजारात न मिळणारा बुश लेथवर कातून मिळतो. माझ्या गाडीचं काम करणारे मिस्त्री एकदा म्हणाले होते, "इंजन मी उभं करून देतो की! पत्र्याचं काय करणार तुम्ही?" पत्रा सडलेला आणि कागद अडकलेले असतील, तर उत्तम इंजिनाची गाडीसुद्धा तुमच्या दारात नुसती उभी राहते.

मी सात वर्षं ओम्नी वापरली, मागं फळ्यांचा पलंग टाकून. आता चौथं वर्ष जुन्या ट्रॅव्हलरचं. विंगर घ्यायची म्हणून दोन महिने शोधली, चालवून पाहिली आणि सोडून दिली. आमच्या पगारात परवडणाऱ्या जुन्या गाड्या म्हणाल तर ओम्नी किंवा तिची धाकटी बहीण ईको, ट्रॅव्हलर आणि विंगर, म्हणून तुलनाही यांचीच.

आधी ओम्नी आणि ईको. मारुतीनं ओम्नी १९८४ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये बंद केली. ईको २०१० पासून आहे आणि अजून नवी मिळते. ओम्नीची लांबी जेमतेम ३.३७ मीटर, ईकोची ३.६७. मंगळवार पेठेतल्या किंवा शुक्रवार पेठेतल्या बोळात राहणाऱ्यांना हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. गाडी दाराशी लागते की दोन गल्ल्या पलीकडं, यावर ती महिन्यातून किती वेळा बाहेर निघणार हे ठरतं. शनिवारी दुपारी घरी आल्यावर गादी टाकायची आणि संध्याकाळी पन्हाळ्याच्या पायथ्याला पोचायचं, हे ओम्नीनं मला सात वर्षं दिलं. ट्रॅव्हलरनं तेवढं दिलेलं नाही.

पण ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं. दोन माणसं, पलंग, शेगडी आणि ४० लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचेच ४० किलो. एवढं घेऊन करूळ घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि तिथंच राहते. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यानं एप्रिलच्या दुपारी सीट तापते. ईकोचं इंजिन जुन्या मॉडेलात ११९६ सीसीचं. तेही सीटखालीच, पण घाटात दम टिकतो. ओम्नी आणि ईकोमध्ये अडकला असाल तर विचार करत बसू नका, ईको घ्या. पाच सीटची बघा, मागची मोकळी जागा मोठी मिळते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळं जुन्या ओम्नीचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची डायफ्रॅम घेतल्या घेतल्या बदलायची.

ट्रॅव्हलरची गोष्ट वेगळी. बजाज टेम्पोचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, तरी गॅरेजात तिला आजही टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. मर्सिडीजच्या जुन्या व्हॅनवरून आलेली ही गाडी. ॲम्ब्युलन्स, शाळेची बस, देवदर्शनाच्या सहली, सगळीकडं तीच, त्यामुळं क्लच प्लेट असो की पाट्यांचे बुश, गगनबावड्यासारख्या ठिकाणी बंद पडली तरी ओळखणारा मिस्त्री सापडतो. कॅम्परसाठी ३०५० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) सगळ्यात आटोपशीर. आत सरळ उभं राहता येतं. पावसाळ्यात आंबा घाटाजवळ दोन दिवस धुकं आणि पाऊस कोसळत असताना पँट चढवायला आडवं पडावं लागत नाही, हे सुख ओम्नीत सात वर्षं काढलेल्या माणसालाच कळेल. आई बरोबर असेल तर पोर्टेबल टॉयलेट ठेवायला जागा लागते. आम्ही गाडी बदलली ती त्याच कारणानं.

खर्च मात्र सगळ्याच बाजूंनी वाढतो: टायर, ऑइल, ब्रेक, पार्किंग. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला, नेमानं ग्रीस लागतं. ते चुकलं की स्टिअरिंग जड होतं आणि मग पुढचे टायर एका बाजूनं खाल्ले जातात. ऊसतोडीच्या हंगामात रात्री कागल-राधानगरीच्या बाजूला बिनदिव्यांच्या ट्रॉल्या समोर येतात, तेव्हा साडेतीन टनांची गाडी वेळेत थांबली पाहिजे. जुनी ट्रॅव्हलर घेतली की पहिला पैसा ब्रेक आणि हेडलाइटवर घालवा. आतल्या लाकूडकामाला हात नंतर लावा. लायसन्सची चिंता नको. ७५०० किलोपर्यंतची गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालते, व्यावसायिक नोंदणीची असली तरी. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तेही स्पष्ट केलं आहे.

विंगर थोडक्यात. टाटानं ती २००७ मध्ये आणली. पुढची चाकं ओढतात, खाली मागच्या चाकांकडं जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नाही, म्हणून फ्लोअर खाली आणि चढ-उतार सोपी. गुडघे दुखणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. पण कॅम्पर केल्यावर पाणी, बॅटरी, कपाटं सगळं वजन मागं जातं आणि ओल्या चढावर पुढची चाकं जागीच फिरतात. शिवाय बॉडी मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नाही, सगळा भार पत्र्यावरच. फ्लोअर सडला तर तो दिखाऊ दोष राहत नाही. पत्रा खणखणीत आणि मुक्काम सपाटीवरचे असतील तरच घ्या.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. तेव्हा शेकडो गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या काही धुऊन, पुसून, नवा रंग मारून आजही विक्रीला येतात. कोल्हापूरची एमएच-०९ पाटी एवढीच बघू नका. सांगलीची एमएच-१० आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या चिपळूणकडची एमएच-०८ सुद्धा तितक्याच बारकाईनं तपासा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. विक्रेता गाडी धुतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतली मातीची रेघ धुवायची राहते. फ्यूज बॉक्समधल्या पट्ट्या हिरव्या पडल्यात का बघा. चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शिअलचं थोडं ऑइल काढून बघा, दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. विमा कंपनीकडं आधीचे क्लेम विचारा. कॅम्परमध्ये आणखी एक जागा असते, ती साध्या गाडीत नसते: भिंतीच्या प्लायवूडमागं भरलेली ग्लासवूल. ती पाणी धरून ठेवते आणि बाहेरून चकचकीत दिसणारा पत्रा आतून खात जाते. कपाटाच्या तळाचे स्क्रू काढून बघू द्या म्हणा. नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. खिशात लहान लोहचुंबक ठेवा. चाकांच्या कमानीवर आणि दारांच्या खालच्या कडेवर तो चिकटला नाही तर खाली लांबीचा (पुट्टीचा) जाड थर आहे.

कागदांत सगळ्यात आधी आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. सीट काढून पलंग टाकलाय पण आरसीवर अजून बारा सीटची प्रवासी गाडी, असं फार वेळा असतं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या रचनेत असा फेरफार करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. म्हणून आरसीवरच कॅरव्हॅन म्हणून नोंद असलेली ट्रॅव्हलर लाखभर महाग असली तरी मी तीच घेईन. न नोंदवलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीला आयतं कारण देतो. पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची, असेल तर आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्यानं करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांच्या पुढच्या हलक्या गाडीला १०,०००. ग्रीन टॅक्स वेगळा.

ईको इथं पुन्हा पुढं जाते. काही न कापता, न वेल्डिंग करता, उचलून बाहेर ठेवता येईल असा खोक्याचा पलंग केला तर सोमवारी ती परत पाच सीटची गाडी होते.

सांभाळायच्या बाबतीत जून ते सप्टेंबर हे चार महिनेच कठीण. मेमध्ये छतावरच्या व्हेंटभोवतीचं सीलंट खरवडून नवं भरायचं. जुन्यावर नवं थापलं तर धरत नाही. ताडपत्रीनं गाडी गच्च बांधू नका, आत वाफ कोंडते आणि गाद्यांना बुरशी येते. गाद्या घरात आणा. हँडब्रेक ओढून महिनाभर उभी ठेवली तर ब्रेक शू ड्रमला चिकटतात; चाकांना दगड लावा आणि गिअरमध्ये ठेवा. लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू दिली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून १५० एएच (ॲम्पिअर-अवर, बॅटरीची क्षमता) मधले ७५ एएचच आपले समजायचे. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फ्लोअरवर साचतो. जमिनीलगत व्हेंट नसेल तर सिलिंडर आत ठेवूच नका. आम्ही ५ किलोचा सिलिंडर आणि शेगडी बाहेर काढूनच स्वयंपाक करतो.

दोघंच असाल, गल्लीत राहत असाल आणि शनिवार-रविवारच्या वर वेळ नसेल तर ईको. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल, उभी करायला जागा असेल आणि आठवडाभर कोकणात उतरायचं असेल तर ट्रॅव्हलर.

आणि गाडी बघायला पावसात जा. माझी ट्रॅव्हलर मी मेमध्ये पहिल्यांदा पाहिली, आवडली, आणि मालकांना जुलैत येतो म्हणून सांगितलं. ते नाराज झाले. जुलैत मुसळधार पावसात आत बसून प्रत्येक कोपऱ्यातल्या प्लायवर हात फिरवला. मागचा डावा कोपरा ओला लागला. तो दाखवून किंमत कमी करून घेतली, आणि घरी आणल्यावर पहिल्या रविवारी तेवढंच पॅनल उचकटलं.